आजोबा, जहाज आणि न्यूझीलंडच्या तेरा रात्री



मी सोळा वर्षांची आहे. माझा जन्म सिडनीचा. मला मराठी बोलता येतं, पण लिहिताना काना-वेलांटीची फार गडबड होते. म्हणून मी सांगते आहे आणि माझी आजी लिहिते आहे. मध्येच कंसात काही दिसलं तर ते आजीचं समजा. (मी फक्त शुद्धलेखन बघणार आहे. – आजी)

२०२४ साली माझ्या आजी-आजोबांच्या लग्नाला साठ वर्षं झाली. पप्पांनी विचारलं, काय हवं? आजी म्हणाली, एकदा मोठ्या जहाजातून फिरायचं आहे. आजोबा काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात आजोबा गप्प बसले की आपण त्याचा अर्थ "हो" असा घेतो. मग ठरलं. जानेवारीत इकडे शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते, तेव्हा आजी, आजोबा, मम्मी आणि मी असे चौघं न्यूझीलंडला जाऊन परत येणाऱ्या जहाजात बसलो. पप्पांना रजा मिळाली नाही.

खरं सांगते, मला जायचंच नव्हतं. माझ्या मैत्रिणी समुद्रकिनाऱ्यावर कॅम्पिंगला चालल्या होत्या आणि मी तेरा रात्री म्हाताऱ्या माणसांबरोबर! त्यात जहाजावर इंटरनेटचे पैसे वेगळे, आणि मम्मीने ते भरायला साफ नकार दिला. "आराम करायला चाललोय आपण," ती म्हणाली. मला आराम म्हणजे काय ते कळत नव्हतं. पलंगावर पडून फोन बघणं हाच माझा आराम.

जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारा मजली बिल्डिंग. लिफ्ट, नाटकगृह, पोहण्याचा तलाव, ग्रंथालय, आणि दिवसभर चालू असलेलं आइस्क्रीमचं मशीन. (हिने पहिल्या दिवशी पाच कोन खाल्ले.) जहाज सुटण्याआधी सगळ्यांना आपापल्या जमण्याच्या जागी बोलावून संकटात काय करायचं ते शिकवतात. पूर्वी ही कवायत जहाज सुटल्यावर दुसऱ्या दिवशी केली तरी चालत असे. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कोर्डिया हे जहाज खडकावर आपटलं, तेव्हा त्यावर नुकत्याच चढलेल्या कितीतरी प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता आधी कवायत, मग प्रवास.

बाकीचे लोक हसतखिदळत उभे होते. आजोबा मात्र परीक्षेला बसल्यासारखे ऐकत होते. लाइफजॅकेटचा पट्टा कसा आवळायचा ते त्यांनी त्या मुलीला दोनदा विचारलं. मग आमच्या खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारं ते मोजून आले. मोठ्याने म्हणाले, "अकरा." मला लाज वाटली.

सिडनी ते न्यूझीलंड म्हणजे टास्मान समुद्र. १६४२ साली आबेल टास्मान नावाचा डच दर्यावर्दी इकडे आला, त्याच्या नावावरून हे नाव. दोन दिवस नुसतं पाणी. दुसऱ्या रात्री जहाज असं हलायला लागलं की कपाटाची दारं आपोआप उघडत होती. मम्मी आडवी पडली. जहाजाच्या डॉक्टरकडे गोळ्या मिळतात, पण आजीने सिडनीहून आलेपाक करून आणला होता, तो चघळला आणि मला बरं वाटलं. समोरच्या खोलीतल्या बाईलाही आजीने दोन वड्या दिल्या. ती रोज मागायला यायला लागली.

आजोबांना बोट लागत नव्हती. पण ते डेकवर कधी कठड्यापाशी जात नसत. आत काचेजवळच्या खुर्चीत बसायचे, बूट घालून. झोपायच्या वेळीही बूट पलंगाखाली नाही, तर हाताशी.

चौथ्या दिवशी सकाळी मिलफर्ड साउंड आलं. त्याचं माओरी नाव पिओपिओताही. समुद्रातून बघितलं तर नुसती डोंगरांची भिंत दिसते, आत वाट आहे असं वाटतच नाही. कॅप्टन कुक १७७० साली इथून गेला तरी आत शिरला नव्हता. जहाज वळलं आणि भिंत दाराासारखी उघडली. हजारो वर्षांपूर्वी बर्फाच्या नदीने डोंगर कापून ही खोल खाच केली आणि नंतर तिच्यात समुद्र शिरला. मायटर पीक हा डोंगर पाण्यातून सरळ वर जातो, जवळजवळ १७०० मीटर. आमचं बारा मजली जहाज त्याच्यापुढे काडेपेटीएवढं.

धो-धो पाऊस पडत होता. मी वैतागले, पण कॅप्टनने सांगितलं की तुम्ही नशीबवान आहात. तिथे वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही जास्त. पाऊस असला की एरवी कोरड्या असलेल्या कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात. दोन कायमचे, स्टर्लिंग आणि बोवेन, दीड-दीडशे मीटर उंच. आजी छत्री घेऊन डेकवर उभी राहिली आणि म्हणाली, "अगो बाई, माळशेज घाट!" पाणी काळं दिसतं, कारण जंगलातून येणारं गोडं पाणी चहाच्या रंगाचं असतं आणि ते खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहतं. त्याच्याखाली अंधार असतो, म्हणून एरवी खूप खोल वाढणारं काळं पोवळं तिथे वरच वाढतं.

कोणी बोलत नव्हतं. बाराशे माणसं डेकवर आणि फक्त पाण्याचा आवाज. मी फोनवर फोटो काढायचे विसरले. आराम म्हणजे काय ते मला बहुतेक तेव्हा थोडं कळलं. आजोबा आत काचेपाशीच होते. मी खुणेने बोलावलं, त्यांनी हात हलवून "तू बघ" म्हटलं.

पुढचं बंदर पोर्ट चाल्मर्स, डनीडिन शहराचं. १८८२ साली गोठवलेल्या मांसाचं न्यूझीलंडचं पहिलं जहाज इथून इंग्लंडला गेलं. बंदराच्या तोंडाशी तायारोआ हेड नावाचा सुळका आहे, तिथे रॉयल आल्बाट्रॉस पक्षी घरटी करतात. पंख पसरले की तीन मीटर! जहाजावरच्या व्याख्यानात सांगितलं की पिल्लू एकदा उडालं की काही वर्षं जमिनीला पाय लावत नाही, समुद्रावरच राहतं, आणि मोठं झालं की बहुधा त्याच सुळक्यावर परत येतं. हे ऐकून आजोबा म्हणाले, "त्याला रस्ता कोण सांगतो?" पक्षी बघायला मात्र ते दारापर्यंत आले. एक आमच्या डोक्यावरून गेला, पंख न हलवता.

इथे आजीची फजिती सांगायला हवी. न्यूझीलंडमध्ये बाहेरची फळं, बिया, मध असलं काही नेऊ देत नाहीत. त्यांच्या शेतीला कीड लागू नये म्हणून ते फार जपतात. न सांगता नेलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. बंदरावर वास घेणारा कुत्रा होता. तो आजीच्या पर्सपाशी येऊन शांतपणे बसला. आत न्याहारीचं केळं! आजीने ते खाली उतरायच्या फळीवर उभं राहूनच खाल्लं आणि साल डब्यात टाकली. अधिकारी हसला आणि जाऊ दिलं. (तो कुत्रा मात्र शहाणा होता. – आजी)

आता अकारोआ. हे लिहू नको असं आजी म्हणत होती, पण मी म्हटलं, लिहायचं.

अकारोआला १८४० साली फ्रेंच लोक येऊन राहिले, अजूनही गल्ल्यांना फ्रेंच नावं आहेत. तिथे जगातला अगदी लहान डॉल्फिन असतो, हेक्टर्स डॉल्फिन, जेमतेम दीड मीटरचा, पाठीवरचा पर गोल, उंदराच्या कानासारखा. तो मला बघायचाच होता. पण मोठं जहाज तिथे धक्क्याला लागत नाही, मध्ये नांगर टाकतं. जहाजाच्या कुशीला टांगलेल्या लाइफबोटीच खाली सोडतात आणि त्यांतून माणसं किनाऱ्यावर नेतात. तिला टेंडर म्हणतात.

आम्ही रांगेत उभे राहिलो. खालच्या मजल्यावर जहाजाच्या पोटात एक दार उघडतं, बाहेर छोटा मचवा वरखाली होत असतो, आणि दोन खलाशी हात धरून आत घेतात. आमचा नंबर आला. आजोबा दारात थांबले. खलाशाने हात पुढे केला. आजोबांनी दोन्ही हातांनी चौकट धरली आणि हलेचनात. मागे शंभर माणसं. कोणीतरी "काय झालं, काय झालं" विचारायला लागलं. मम्मी म्हणाली, "पप्पा, दोन मिनिटांचं अंतर आहे." आजोबांचे ओठ पांढरे झाले होते.

मी म्हटलं, "एवढं होतं तर क्रूझवर आलातच कशाला?"

मराठीतच म्हटलं, पण आवाज असा होता की सगळ्यांना कळलं. आजोबा काही बोलले नाहीत. आजीने त्यांचा हात धरला आणि दोघं परत वर गेली. मम्मी आणि मी किनाऱ्यावर गेलो. मला डॉल्फिन दिसले, सहा. बोटीबरोबर पळत होते. मम्मी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

त्या रात्री जहाज अकारोआहून वेलिंग्टनकडे निघालं. पहाटे मला जाग आली, कोणीतरी दार वाजवत होतं. आजोबा. स्वेटर, टोपी, बूट. म्हणाले, "चल, तुला काहीतरी दाखवतो." मी झोपेतच त्यांच्यामागे गेले. आणि ते चक्क डेकवर गेले, कठड्यापासून दोन हातांवर उभे राहिले.

वेलिंग्टनच्या बंदराचं तोंड अरुंद आहे. आत शिरताना एका बाजूला पाण्यातून काळे खडक डोकं वर काढतात. ते बॅरेट रीफ. आजोबांनी जहाजाच्या ग्रंथालयात पुस्तक वाचलं होतं. १० एप्रिल १९६८ ला 'वाहिने' नावाची फेरीबोट लिटलटनहून रात्रभर प्रवास करून, म्हणजे जवळपास आमच्याच वाटेने, इथे पोचत होती. तिच्यावर सातशेहून जास्त माणसं. चक्रीवादळ आलं, वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर, आणि बोट या खडकांवर आपटली. सकाळभर तशीच वाहत राहिली. दुपारी बोट सोडायचा हुकूम झाला, तेव्हा ती इतकी कलली होती की एकाच बाजूच्या चार लाइफबोटी पाण्यात सोडता आल्या. त्या दिवशी ५१ माणसं गेली, पुढे धरून ५३. शहर समोर दिसत होतं. घरं दिसत होती. सीटाऊनच्या लोकांनी छोट्या होड्या काढून माणसं वाचवली. तिथल्या बागेत त्या बोटीचा नांगर ठेवला आहे.

आजोबा खडकांकडे बघत म्हणाले, "आमचीपण अशीच. आम्हालापण समोर दिसत होतं."

मग त्यांनी सांगितलं. १७ जुलै १९४७. आजोबा आठ वर्षांचे, अलिबागला इस्राएल आळीत राहायचे. त्यांचा धाकटा काका मुंबईला नोकरीला होता. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती, काकाला रजा मिळाली होती. तो सकाळी भाऊच्या धक्क्यावर 'रामदास' बोटीत बसला, रेवसला उतरून घरी यायला. येताना आजोबांना शाळेसाठी छत्री आणणार होता. पावसाळा, वारा, बोट भरलेली. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांतून कितीतरी जणांना ओढून बाहेर काढलं. त्यांत काका नव्हता. आजोबांचे वडील तीन दिवस रेवसच्या किनाऱ्यावर बसून होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आईने परत बोटीत पाय ठेवू दिला नाही. मुंबईला जायचं तर पेणवरून, लांबच्या रस्त्याने. तेव्हा आळीतली म्हातारी माणसं म्हणायची, आपली सात जोडपी नवगावला फुटक्या जहाजातून वाचली, समुद्राने आपल्याला सोडलं ते सोडलं, पुन्हा त्याच्या वाटेला जाऊ नये."

विमानाची त्यांना भीती नाही. १९७२ साली ते विमानानेच सिडनीला आले. साठ वर्षांत त्यांनी आजीलाही कधी सांगितलं नव्हतं की ते मॅनलीच्या फेरीत का बसत नाहीत. आजीला वाटायचं, तिकिटाचे पैसे वाचवतात. (मी खरंच तसं समजत होते. – आजी)

"मग आलात कशाला?" मी परत तेच विचारलं, पण या वेळी हळू.

"तुझी आजी पहिल्यांदाच काहीतरी मागत होती," ते म्हणाले. "आणि मी म्हटलं, एवढी मोठी बिल्डिंग आहे, कळणार नाही."

वेलिंग्टनमध्ये आम्ही लाल केबल कारने टेकडीवर गेलो, ती १९०२ पासून चालू आहे. ते पापा हे मोठं संग्रहालय बघितलं. तिथे वारा असा की आजीची ओढणी उडून एका गृहस्थाच्या तोंडावर बसली. संध्याकाळी मी आजोबांना सॉरी म्हणायला गेले. त्यांनी मला पत्त्यांच्या डावाला बसवलं आणि तीनदा हरवलं. बोलायची वेळच आली नाही.

नेपियर आणि टौरांगा भराभर सांगते. नेपियर १९३१ च्या भूकंपात पडलं आणि मग सगळं एकाच धाटणीने, रंगीत आणि छान बांधलं. टौरांगाला मौंगानुई टेकडीवर मी पळत चढले, २३२ मीटर. ऑकलंडला खूप शिडाच्या होड्या आणि ३२८ मीटरचा स्काय टॉवर. तिथे एका भारतीय दुकानात आजीला सुकं खोबरं मिळालं, ती एवढी खूष झाली की टॉवर बघायचाच राहिला.

शेवटचं ठिकाण बे ऑफ आयलंड्स. तिथे वाइतांगी आहे, जिथे ६ फेब्रुवारी १८४० ला माओरी सरदार आणि इंग्रज यांच्यात करार झाला. माओरीत 'वाइ' म्हणजे पाणी. आजी म्हणाली, आपली कृष्णाकाठची वाई पण पाण्यावरच आहे की! आणि तिथेही जहाज मध्येच नांगर टाकतं. परत टेंडर.

मी आजोबांना काही म्हटलं नाही. मम्मीनेही नाही. आम्ही दोघी उतरायच्या दारापाशी गेलो, तर मागून आजी-आजोबा येत होते. आजोबांनी लाइफजॅकेट कुठे ठेवलेत ते खलाशाला विचारलं. त्याने बाकाखाली दाखवलं. मग म्हणाले, "किती माणसं मावतात?" आत पाटीच होती, १२०. "आता किती आहेत?" खलाशी गोंधळला. आजोबांनी दारात उभं राहून मोजायला सुरुवात केली, बोटाने, एकेक डोकं. मागची रांग थांबली. मी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, माझे आजोबा माणसं मोजतायत, थोडं थांबा. कोणी काही म्हणालं नाही.

"चौऱ्याहत्तर," आजोबा म्हणाले. "आपण चार. अठ्ठ्याहत्तर."

मग त्यांनी पाय उचलला. मी त्यांचा हात धरला होता. खरं तर त्यांनीच माझा धरला होता, बोटं दुखेपर्यंत. दहा मिनिटं. ते किनाऱ्याकडे बघत नव्हते, बोटीच्या मधल्या लोखंडी खांबाकडे बघत होते. आजी दुसऱ्या बाजूला बसून आलेपाक देत होती.

वाइतांगीला एक प्रचंड माओरी नाव आहे, १९४० च्या शतक समारंभासाठी कौरी झाडांच्या बुंध्यांची केलेली, पस्तीस मीटर लांब. ती चालवायला कमीत कमी ७६ वल्हेकरी लागतात असं तिथल्या मुलीने सांगितलं. आजोबांनी लगेच विचारलं, "आणि जास्तीत जास्त?" मी इतकी हसले की मुलगीही हसायला लागली. मग आम्ही झाडाखाली बसून आइस्क्रीम खाल्लं. आजोबांनी बूट काढले होते. येताना परत टेंडर, परत मोजणी. या वेळी एकशे दोन.

परतीचे दोन दिवस टास्मान अगदी शांत होता. मी आजोबांच्या शेजारच्या खुर्चीत बसून काही न करता समुद्र बघितला. दोन तास. माझ्या मैत्रिणींना हे खरं वाटत नाही.

घरी आल्यावर आजोबांनी पप्पांना सांगितलं, भाऊच्या धक्क्यावरून आता अलिबागकडे काय जातं ते कॉम्प्युटरवर बघ. पप्पांनी बघितलं. मार्च २०२० पासून मांडव्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाली आहे, मोटारीसुद्धा आत नेता येतात, तासाभरात पोचते. पावसाळ्यात साध्या लाँच बंद ठेवतात.

"जायचं का पुढच्या वर्षी?" पप्पांनी विचारलं.

आजोबा चहा पीत होते. म्हणाले, "आधी किती माणसं घेतात ते विचार."